लोखंड बाहेर ठेवून

आई, तिने, तुझ्या त्या लाडक्या विद्यार्थिनीने, मला खोपीत बोलावलंय, येत्या रविवारी. फोनवर इतक्या सहज म्हणाली की हळदीकुंकवाला बोलावतेय असं वाटावं. "ताई, आता तुमच्या पायाचा कॅलिपर प्लास्टिकचा झालाय ना, मग या की आत. आईंची जागा बघून जा एकदा." आईंची! माझ्या आईला ती माझ्याच तोंडावर आई म्हणते आणि मी इतकी वर्षं ते ऐकून घेतेय. बघते म्हणून फोन ठेवला, तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजताहेत. जाऊ की नको ते ठरत नाही. लहानपणापासून ज्या दारातून आत जायचं होतं तिथून आता ती मला नेणार, यजमानीण होऊन, आणि मी पाहुणी. तू जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी हे विचारायला मला दुसरं कोणी सापडत नाही.

खोपी तुझीच, तुला काय सांगायची. पण मी ती कधी आतून पाहिली नाही, म्हणून बाहेरून जशी दिसली तशी सांगते, चुकलं तर हस. मुरबाडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून माळावर, पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची ती एवढीशी लाकडी खोली. कागदोपत्री तिला भारदस्त नाव होतं, तू मात्र खोपीच म्हणायचीस. खिळे पितळेचे, कडी तांब्याची, आणि आत यंत्र ठेवायला संगमरवराचा खांब, कारण आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटातच लोखंड असतं. भोवती लांबवर चुन्याची रेघ मारलेली. अंगावरचं सगळं लोखंड त्या रेघेबाहेर टोपलीत ठेवायचं, किल्ल्या, घड्याळ, केसातल्या पिना, एवढंच काय, पोलक्याचे हूकसुद्धा चालायचे नाहीत, म्हणून तू निरीक्षणाच्या दिवसासाठी कापडी घुंड्यांची पोलकी शिवून घेतली होतीस. आणि दाराशी तुमची ती पद्धत. आतल्याने विचारायचं, "लोखंड?" बाहेरच्याने म्हणायचं, "बाहेर." तपासायचं नाही, विचारायचं. खोटं बोलणाऱ्याची चुगली यंत्रच करतं, असं तू म्हणायचीस. माझं लोखंड मात्र टोपलीत ठेवण्यासारखं नव्हतं. पोलिओने वाळलेल्या डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत सळ्या होत्या, त्या काढल्या तर मी उभीच राहू शकत नव्हते. मग रेघेबाहेरचा एक काळा दगड माझा ठरला. तोही बिचारा माझ्यासारखाच, पोटात लोखंड घेऊन बसलेला.

तू नेमकं काय मोजतेस हे मला आपल्या कल्याणच्या घरातल्या ओट्यापाशी कळलं. तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी विचारलं होतं की त्या ओसाड माळावर जाऊन रोज तेच तेच काय बघायचं. तू म्हणालीस, सूर्याला ठसका लागला की पृथ्वीवर सगळ्यांच्या सुया हलतात. मग माळावर कशाला, इथे गच्चीवर मोज ना. इथे रुळांतून वीज जमिनीत मुरते, तू म्हणालीस, कल्याणात बसून मोजलं तर सूर्य कळायचा नाही, फक्त गाड्यांचं वेळापत्रक कळेल. आणि एकट्या खोपीचाही भरवसा नाही. आपल्या एका घरातले दिवे गेले तर फ्यूज बघायचा, सगळ्या आळीतले गेले तर डीपी उडाला समजायचं. तसंच हे. सगळ्या ठिकाणच्या सुया एकदम हलल्या तर वादळ वरून आलंय, माझी एकटीचीच हलली तर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेलाय. म्हणून दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या खोप्यांशी तुझा पत्रव्यवहार चालायचा. पृथ्वीच्या पाठीवर तुझी केवढी आळी होती, आई. मला त्या आळीतल्या लोकांचाही राग यायचा.

मी असेन दहा-अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला यष्टीने बरोबर नेलंस आणि दगडावर बसवून आत गेलीस. खूप वेळ झाला. रानात कुठेतरी भारद्वाज ओरडतोय, राखणदाराची बायको लांब विहिरीवर आहे, आणि मी रेघेकडे बघते आहे. मी उठते. रेघेच्या आत एक पाऊल टाकते, मग दुसरं. दार लोटलेलं, तुझी पाठ दाराकडे, तुला मी दिसणं शक्यच नाही. आणि आतून तुझा आवाज येतो, चढलेला नाही, शांत. "मागे हो. तू वाचनात येतेयस." आतलं रेशमी धाग्याला टांगलेलं चुंबक माझ्या पायामुळे जरासं वळलं होतं आणि तुला ते दिसलं होतं. मी मागे झाले. घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

मग तो पितळेचा कॅलिपर. तुझ्या मनात काय आलं ते तू कधी सांगितलं नाहीस. कल्याणच्या बाजारात भांडी घडवणाऱ्या तांबटाकडे तू माझा जुना कॅलिपर नमुना म्हणून घेऊन गेलीस आणि तसाच पितळेचा घडवून मागितलास. तो माणूस चक्रावला. "बाई, हंडा सांगा, घागर सांगा, हे पायाचं मी कधी केलं नाय," असं त्याने दोनदा सांगितलं, तरी तू ऐकलं नाहीस. चामडी पट्टे, तांब्याचे रिव्हेट, लखलखीत सळ्या. मी तो घालून घरातल्या घरात मिरवले. खोपीच्या माळावर तू रेघेच्या आत उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "चल." मी निघाले. रेघ ओलांडली. पितळ ते पितळच, गुडघ्यापाशी वाकलं, आणि मी तोंडावर पडले. तू धावत आलीस, मला उचललंस, लागलं का म्हणून विचारलंस, पदराने माझी हनुवटी पुसलीस. आणि मग वाचनाची वेळ झाली होती म्हणून मला राखणदाराच्या बायकोकडे देऊन आत गेलीस. ती वेळ टळली असती तर पृथ्वीचं काय अडलं असतं, हा प्रश्न मी तुला विचारायचा राहूनच गेला. पुढल्या आठवड्यात तू तो कॅलिपर त्याच तांबटाकडे मोडीत घातलास आणि बदल्यात तांब्या आणलास. वर्षानुवर्षं आपण त्यातून पाणी प्यायलो. पाहुणे कौतुकाने म्हणायचे, तांब्या जड आहे हो, आणि तू म्हणायचीस, हो, खास घडवून घेतलाय. मी हसायचे, तूही हसायचीस. तुझं हसणं खरं होतं. माझं नव्हतं.

ती आली तेव्हा मी कॉलेजात होते. शहाडच्या चाळीतली, बाप कारखान्यात, आई शिवणकाम करणारी, आणि ही भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तुझ्या हाताखाली शिकायला आलेली. दोन धडधाकट पाय. आल्या आल्या तिने चपला रेघेबाहेर काढल्या, कारण टाचेत खिळे असतात हे तिला न सांगता सुचलं, आणि तू त्या गोष्टीचं कौतुक घरी येऊन जेवताना केलंस, दोनदा. मग तुझ्या घुंडीच्या पोलक्यांतलं एक तू तिच्या मापाचं करून दिलंस. मला वाटलं, असू दे, कामाची गरज आहे. मग ती आपल्याकडे जेवायला थांबू लागली, मग तिच्यासाठी भाकरी झाकून राहू लागली, मग तिच्या तोंडी तू बाईंची आई झालीस. मी दगडावरून तुमचं ऐकायचे. "लोखंड?" "बाहेर." दार बंद. त्या दोन शब्दांवर मी जितकी जळलेय तितकी कोणाच्या लग्नावर, कोणाच्या मुलाबाळांवर जळले नाही. मत्सर हा फार पुस्तकी शब्द आहे. मी जळते, आई, अजून जळते. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा पेढे खाताना तू म्हणालीस, बरं झालं, तिथे लोखंड चालतं. सगळे हसले. मी रात्री तोच पेढा न खाता तसाच फ्रीजमध्ये ठेवला आणि फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं म्हणून त्याला मुंग्या लागल्या, तोवर तो कोणाला दिसला नाही. असले माझे सूड.

आणि मग तुला पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी सांगितलं की आता जिने जपून चढा, आणि तू त्यांना विचारलंस, ह्या डबीत चुंबकी काही असतं का हो. असतं म्हणाले. तू मान हलवलीस. पुढच्या निरीक्षणाच्या दिवशी तू रेघेपाशी आलीस, थांबलीस, आणि येऊन माझ्या दगडावर बसलीस. आपण दोघी बाहेर, ती एकटी आत. खरं सांगू, मला आनंद झाला होता. तुझी छाती दुखतेय, तुझं आयुष्यभराचं काम सुटलंय, आणि मला वाटतंय की आली शेवटी माझ्या बाजूला. दगड दोघींना पुरत नव्हता म्हणून खांद्याला खांदा लागलेला. मी तुला संत्रं सोलून देत होते. तू फोड हातात घेऊन बसलीस आणि दाराकडे मान वळवून म्हणालीस, "दुसऱ्या वाचनाला घाई करते ती. सांगायला हवं." इतक्या जवळून तू मला कधी लाभली नव्हतीस, आणि तेव्हाही तू आतच होतीस.

आता तिचं ऐक. ती निवृत्तीला आलीय आणि जायच्या आधी तिने तुझ्या आळीचं गावच करून टाकलंय. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या अंगाला शाळांच्या आवारात जमिनीत पुरलेली छोटी चुंबकमापक यंत्रं, त्यांची नोंद मोबाइलच्या नेटवर्कवरून आपोआप एका जागी येते. मुलं स्वतः बघतात, सूर्याला ठसका लागला की सगळ्या शाळांच्या आलेखांवरच्या रेघा एकदम वाकड्या होतात. गेल्या काही वर्षांत सूर्य चांगलाच खोकतोय. यंत्रं जागच्या जागी चुंबकत्व किती हललं ते सांगतात, पण मुळात किती होतं ते सांगत नाहीत, म्हणून अजूनही एका माणसाला खोपीत जाऊन हाताने मोजावं लागतं. घड्याळ आपलं आपण चालतं, वेळ जुळवायला माणूस लागतो. तो माणूस ती. बाळकुमला आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर बसून मी सकाळच्या चहाबरोबर तिच्या त्या रेघा फोनवर बघते. बघते आणि चिडते. एखाद्या दिवशी एका शाळेची रेघ बंद पडलेली दिसली की बरं वाटतं. दुपारपर्यंत ती चालू झालेली असते.

हे सगळं आठवडाभर लिहीत होते आणि जायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं. शुक्रवारी कॅलिपरचा पट्टा बदलायला नौपाड्यात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, सांधा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, फक्त स्क्रू स्टीलचे होते, ते पितळेचे टाकलेत. तुमच्या त्या दुसऱ्या मॅडमचा फोन आलेला." तुझ्या तांबटाला जे जमलं नाही ते तिने एका फोनवर जमवलं. मी तिथे बाकावर बसले आणि मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चांगुलपणाने माणसाचा किती अपमान करता येतो ते तिच्याकडून शिकावं. घरी येऊन तिला कळवलं, येते.

रविवार झाला, आई. गेले. ती गाडी घेऊन आली, शहाडचा पूल, मग मुरबाडचा रस्ता, दोन्हीकडे आता फार्महाऊस आणि लग्नाचे हॉल. मी तुझी सुती निळी साडी नेसले होते, ती तिने लगेच ओळखली, आणि तिने ओळखावी याचाही मला राग आला. वाटेत ती बरंच बोलली. तू तिला कशी रागवायचीस, वाचन चुकलं तर दिवसभर कशी बोलायची नाहीस. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही पडलात तेव्हाचं आई मला पुष्कळदा सांगायच्या. मला त्यांनी कधी लागलं का विचारलं नाही हो, ताई. आकडा काय आला तेच विचारायच्या." म्हणजे तिलाही काही खुपत होतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझी पडझडसुद्धा तू तिला सांगितली होतीस, एवढंच मला त्यात ऐकू आलं.

चुन्याची रेघ आता रंगवलेल्या दगडांची झालीय. टोपली तीच वाटली, नसेलही. मी फोन ठेवला, घड्याळ ठेवलं, अंबाड्यातले आकडे, खांद्यावरची पदराची पिन. ती आत जाऊन दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "लोखंड?" गंमत म्हणून नाही, रोजच्यासारखं. मी म्हणाले, "बाहेर." आणि आत गेले.

काय आहे गं त्या खोपीत. काहीच नाही. एक खांब, त्यावर दुर्बीण, दुर्बिणीवर बोटभर यंत्र, कोपऱ्यात आकडा दाखवणारी पेटी, जुन्या लाकडाचा वास. एवढ्याशा जागेसाठी मी पन्नास वर्षं जळले. भिंतीवर तुझा फोटोही नाही, मला वाटलं होतं तिने लावला असेल. ती कामाला लागली. दुर्बीण हळूहळू फिरवत आकडा शून्यावर आणायचा आणि तिथला कोन वाचायचा, असं सांगत होती, तुझ्याच आवाजात, शब्द तोडायची तुझीच लकब. आकडा शून्याशी आला. "बघा, ताई," असं म्हणून ती बाजूला झाली आणि मी जवळ गेले, वाकले. आकडा सरकला. ती पुढे आली, परत शून्यावर आणला. मी जरा मागे झाले, तो पुन्हा दुसरीकडे गेला. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, काही राहिलंय का अंगावर?"

"नाही गं."

लिहिलेल्या कोनावर तिने आडवी रेघ मारली आणि फार मायेने म्हणाली, तुम्ही बाहेर बसा जरा, मी परत घेते. मी बाहेर येऊन दगडावर बसले. ऊन चढलं होतं. आतून दुर्बिणीचा खटका ऐकू येत होता. काम झाल्यावर तिने डबा उघडला, आम्ही थालीपीठ खाल्लं, तिने झाल्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. जाताना मात्र म्हणाली की पुढच्या खेपेला पंजाबी ड्रेस घालून या, सोपं पडेल. तिला कळलं होतं. तिने मला वयस्कर, विसराळू बाई समजून सोडून दिलं, आणि मी तिला तसं समजू दिलं.

पण मी विसरले नव्हते, आई. निऱ्यांना आतून लावलेली पिन होती, स्टीलची, चांगली जाड. सकाळी आरशासमोर ती लावली तेव्हाच मला माहीत होतं की मी ती काढणार नाही. तिचं काही बिघडवायचं नव्हतं मला, आणि बिघडलंही नाही, तिने दुसरं वाचन घेतलं, शाळांच्या रेघा आज सकाळी नेहमीसारख्या दिसताहेत. पण मी तुझ्या खोपीत येऊन गेले हे तिथे कोणाला तरी कळायला हवं होतं, आणि कळून घेणारं तिथे ते यंत्रच होतं. तिला मी हे सांगणार नाही. तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.